धूरमुक्त नागपूरच्या आराखडाकर्त्यांसाठी काही व्यवहार्य सूचना

नागपूर शहर जीवाश्म इंधनांपासून मुक्त करण्याचा आराखडा तयार करणाऱ्या एखाद्या समितीवर आपली वर्णी लागली असेल, तर प्रथम आपले अभिनंदन. लगेच एक विनंतीही आहे. कोळसा, डिझेल किंवा पेट्रोल यांपैकी कशाचाही विचार मनात आणण्यापूर्वी शहराचा नकाशा मागवून घ्यावा आणि महापालिकेची हद्द नेमकी कुठे संपते ते पाहावे. आराखड्याचे अर्धे यश त्या रेषेवर अवलंबून असते. कोराडीचे औष्णिक वीज केंद्र शहराच्या उत्तरेला, हद्दीला जवळजवळ खेटून, परंतु हद्दीबाहेर आहे. खापरखेड्याचे त्याच्याही पलीकडे, सावनेर तालुक्यात आहे. एकट्या कोराडीत ६६० मेगावॉटचे तीन संच आहेत आणि खापरखेड्याची क्षमता १३४० मेगावॉट आहे. तरीही आपल्या तक्त्यात या दोन्ही नावांपुढे निःशंकपणे शून्य लिहिता येते, कारण त्यांच्या चिमण्या ज्या जमिनीवर उभ्या आहेत ती जमीन आपली नाही. शेजाऱ्याच्या अंगणात चूल मांडून भाकरी आपल्या ओसरीवर बसून खाणाऱ्याच्या घरात धूर होत नाही, ही गोष्ट आपल्या पूर्वजांनाही ठाऊक असावी.

विकत घेतलेल्या विजेचा धूर वीज वापरणाऱ्याच्या खात्यात धरावा, असा हट्ट काही काटेकोर मंडळी धरतील. त्यांना सांगावे की वीज राज्याच्या ग्रीडमधून येते आणि ग्रीडमधल्या विजेवर गावाचे नाव लिहिलेले नसते. तरीही त्यांचे समाधान न झाल्यास त्यांना उपसमितीवर घ्यावे. कोळशाचा विषय निघालाच, तर वेस्टर्न कोलफील्ड्सचे मुख्यालय सिव्हिल लाइन्समध्ये, म्हणजे थेट हद्दीत आहे, ही बाब अडचणीची वाटण्याचे कारण नाही. तिथे केवळ कागद हलतात. कोळसा निघतो तो उमरेड, सावनेर आणि कामठीच्या बाजूला. सावनेरजवळच्या खाणीत तर २०१६ पासून पर्यटकांनाही नेले जाते, तेव्हा तिचा उल्लेख पर्यटनाच्या प्रकरणात करणेच उचित ठरेल.

हद्दीच्या बाबतीत एकच पथ्य पाळावे लागते, ते म्हणजे पाण्याचा विषय शेजारी येऊ देऊ नये. भांडेवाडीला शुद्ध केलेले शहराचे सांडपाणी कोराडीच्या केंद्राला पुरवले जाते. रोज १३ कोटी लिटरची ही योजना खरोखरच चांगली आहे आणि ती आपल्या यशोगाथेत ठळक अक्षरांत यावी. मात्र जाणाऱ्या पाण्यासारखेच येणारे पाणीही असते. जुलै २०२२ मध्ये पावसात कोराडी केंद्राचा खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला आणि त्यातला राखमिश्रित गाळ शेतांतून आणि नाल्यांतून वाहत गेला. त्या भागातले पाणी कोलार नदीला मिळते, कोलार कन्हानला मिळते आणि कन्हानचे पाणी नागपूरकर पितात. नकाशावरच्या रेषेपाशी धूर थांबतो असे आपण वरच्या परिच्छेदात सिद्ध केलेलेच आहे; राखेला ते वाचता येत नाही, एवढीच अडचण आहे. म्हणून हा प्रकार ‘आपत्ती व्यवस्थापन’ या शीर्षकाखाली, शक्यतो वेगळ्या खंडात घालावा.

यानंतर वर्षाची निवड येते. देशाने निव्वळ शून्य उत्सर्जनासाठी २०७० हे वर्ष जाहीर केलेले आहे आणि नागपूरसारख्या शिस्तप्रिय शहराने त्याच्या पुढे धावणे बरे दिसत नाही. कोराडीलाच ६६० मेगावॉटचे आणखी दोन संच उभारण्याच्या प्रस्तावावर मे २०२३ मध्ये जनसुनावणी झाली. हे आपल्या आराखड्याशी विसंगत आहे असे एखाद्याने म्हटलेच, तर औष्णिक संचाचे आयुष्य पंचवीस-तीस वर्षांचे, फार तर चाळीस वर्षांचे धरले तरी तो २०७० पूर्वी थकतो, हे त्यास शांतपणे दाखवून द्यावे. दूरचे वर्ष निवडण्याचा लाभ असा, की उद्दिष्ट हुकले म्हणून जाब विचारायला लोक येतील तेव्हा समितीतील बहुतेक सदस्यांना उपस्थित राहणे शक्य होणार नाही.

जवळचे वर्ष आणि ठोस आकडा एकत्र लिहिला की काय होते, याचे उदाहरण घरातच आहे. अकराव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात केंद्राने देशातील मोजक्या शहरांना ‘आदर्श सौर शहर’ म्हणून निवडले आणि त्यांत नागपूर होते. पारंपरिक ऊर्जेच्या अपेक्षित मागणीत पाच वर्षांत किमान १० टक्के घट, असे त्या कार्यक्रमात चक्क लिहून ठेवलेले होते. पाच वर्षे सगळ्यांना मोजता येतात आणि दहा टक्के शाळकरी मुलालाही काढता येतात. आपण ही चूक करू नये. ‘लक्षणीय घट’, ‘टप्प्याटप्प्याने’ आणि ‘यथावकाश’ हे शब्द शासकीय मराठीत उगाच रुळलेले नाहीत.

छतावरच्या सौर पॅनेलांना मात्र मनापासून उत्तेजन द्यावे. तीन किलोवॉटच्या संचाला केंद्राकडून ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळते आणि नेट मीटरिंगमुळे अनेकांचे बिल शून्यावर येते. दिवसा छताने ग्रीडला दिलेली वीज आणि मे महिन्यात, पारा पंचेचाळीसच्या पुढे गेलेला असताना, रात्रभर चालणाऱ्या एसीने ग्रीडकडून घेतलेली वीज यांची वजाबाकी वीज कंपनी कागदावर करते. चिमणीला ती करता येत नाही, तिला रात्री कोळसा जाळावाच लागतो. यावर साठवणुकीची सोय हा उपाय आहे, पण तो खर्चिक आणि डोळ्यांत न भरणारा असल्यामुळे परिशिष्टात टाकावा. फीत कापण्यासाठी बॅटरीची खोली सोयीची नसते.

फीत कापण्याच्या दृष्टीने वाहने सर्वोत्तम. या शहरात २०१४ मध्ये इथेनॉलवर धावणारी बस आली आणि २०१८ मध्ये ती सेवा बंद पडली. मे २०१७ मध्ये टॅक्सींसह दोनशे विजेरी वाहने मोठ्या थाटात रस्त्यावर आली. पुढच्या वर्षाच्या आरंभीच चार्जिंगच्या लांबलचक रांगांना कंटाळलेले कित्येक चालक पुन्हा डिझेलकडे वळले. यावरून चार्जिंगची केंद्रे आधी उभारावीत आणि गाड्या मागाहून आणाव्यात असा निष्कर्ष कोणी काढील, परंतु तसे केल्यास लोकार्पणाच्या छायाचित्रात केवळ खांब दिसतील. शिवाय बंद पडलेली योजना कधीही ‘बंद’ म्हणू नये. तिचा ‘पहिला टप्पा पूर्ण झाला’ असे म्हणावे. नैसर्गिक वायूवर चालणारी वाहने आपल्या हरित यादीत बिनदिक्कत घालावीत. वायूही जमिनीखालूनच येतो हे खरे, पण तो काळा नसतो.

खाणीतले, राख वाहणारे, वीज केंद्रातले कंत्राटी कामगार यांचे पुढे काय, या प्रश्नासाठी अर्धे पान राखून ठेवावे. त्यात ‘कौशल्य विकास’ हा शब्द दोनदा आला की ते भरते. त्या कामगारांपैकी कोणाला समितीवर घेण्याचा आग्रह झाल्यास, ते हद्दीबाहेर राहतात हे लक्षात आणून द्यावे.

आराखड्याचे प्रकाशन डिसेंबरमध्ये, हिवाळी अधिवेशनाच्या सुमारास ठेवावे. त्या दिवसांत हवा सुखद असते, मंत्री आयतेच शहरात असतात आणि त्यांच्या ताफ्यातील वाहनांची नोंद मुंबईची असल्याने त्यांचा धूर नागपूरच्या खात्यावर चढत नाही. सभागृहाची वीज ऐनवेळी जाऊ नये म्हणून मागच्या दाराशी डिझेल जनरेटर सज्ज ठेवावा; त्याच्या इंधनाचे देयक ऊर्जा विभागाकडे न पाठवता मंडप व सजावट या लेखाशीर्षाखाली मंजूर करून घ्यावे आणि हरकती-सूचनांची मुदत त्याच दिवशी सायंकाळी संपवावी.