चिकूचं ऑपरेशन त्या दिवशी का केलं नाही

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला. मे महिन्यात साताऱ्याहून पहाटे ४ ला निघून, धापा टाकणाऱ्या तुमच्या पग कुत्र्याला, चिकूला, मांडीवर घेऊन तुम्ही पुण्याला माझ्या दवाखान्यात आलात आणि श्वासनलिकेचं ऑपरेशन न होताच परत गेलात, याबद्दल मनापासून माफी मागते. बाहेरच्या बाकावर २ तास बसवलं आणि कोणी धड काही सांगितलं नाही, ही चूक आमचीच.

पण "पैसे भरून घेतले आणि दारातून हाकललं, ३ हेलपाटे घालायला लावले" हे वाक्य फार लागलं. म्हणून त्या सकाळचं लिहिते.

भूल देण्याआधी हिरड्यांचा रंग बघायला मी चिकूचा ओठ वर केला, तर दाढेला बिस्किटाचा ओला लगदा. विचारलं तेव्हा तुमच्या सासूबाई म्हणाल्या, "गाडीत फार केविलवाणा बघत होता हो, चहात बुडवून दोनच दिली." त्यांच्यावर मी तेव्हाही रागावले नाही, आजही राग नाही. मायेनंच दिली. पण रात्री १० नंतर अन्न नको, हे आदल्या संध्याकाळी फोनवर सांगितलं होतं आणि मेसेजही केला होता.

दोन बिस्किटांनी काय होतं, असं तुम्ही लिहिलंय. पगचं तोंड आखूड असतं, पण आतला मऊ टाळू आणि जीभ त्या मानानं आखूड झालेली नसते. सगळं तेवढ्याशा जागेत कोंबलेलं. श्वास ओढायला इतका जोर लागतो की पोटातलं अन्नही वर ओढलं जातं. भुलेत ते घशात आलं आणि फुप्फुसात उतरलं की न्यूमोनिया होऊ शकतो. धडधाकट कुत्र्यालासुद्धा हे जड जातं, आणि चिकूची श्वासनलिका तर श्वास घेताना चपटी होत होती. त्या दिवशी मी "चला, करून टाकू" म्हटलं असतं तर तुमचा एक हेलपाटा वाचला असता. चिकू वाचला असता की नाही, माहीत नाही.

पहिला हेलपाटाही उगाच नव्हता. स्टेंट, म्हणजे चपटी होणारी श्वासनलिका आतून उघडी धरणारी तारेची गोल जाळी, आधीच मागवून ठेवता येत नाही. कुत्र्याला भूल देऊन, घशात घातलेल्या नळीतून दाबानं हवा भरून, श्वासनलिका पूर्ण फुगल्यावर एक्स-रेवर तिची रुंदी मोजावी लागते. स्टेंट त्याहून थोडासा मोठा घ्यायचा. लहान पडला तर सरकतो, फार मोठा झाला तर श्वासनलिकेच्या भिंतीला काचतो. माप घेतल्यावरच ऑर्डर गेली. तो निकेल आणि टायटॅनियमच्या तारेचा, बाहेरून येणारा असतो. बिलात निम्म्याहून जास्त रक्कम त्याचीच आहे आणि त्यावर मी १ रुपयाही चढवलेला नाही. डब्यावरचं स्टिकर तुमच्या फाइलमध्ये लावलंय, बघा.

मागच्या वर्षी नाकपुड्या मोठ्या केल्या आणि टाळू कमी केला, तेव्हाच स्टेंट का नाही टाकला, हेही विचारलंत. कारण तो शेवटचा उपाय आहे. औषधं पुरेनाशी झाल्यावरच.

खोकला अजून आहे हे खरं. स्टेंट श्वासनलिका उघडी धरतो, मूळ आजार जात नाही, हे संमतीपत्रात मराठीत लिहिलंय आणि त्यावर तुमची सही आहे. पण सही राहू दे, काळजी खोकल्याची आहे. जोराच्या खोकल्यानं तार तुटू शकते, म्हणून बरं वाटलं तरी औषध बंद करू नका. चिकूच्या वजनाबद्दल बोलताना आमच्या माणसाचा सूर चुकला असेल तर तेही माफ करा. वजन मात्र खरंच उतरवायला हवं.

ऑपरेशननंतर घशातली श्वासाची नळी काढायची घाई आम्ही केली नाही. चिकू उठून बसला, नळी चावायला लागला, मगच काढली. तोपर्यंत मी जमिनीवर त्याच्याशेजारी बसून होते. तुम्ही काचेतून बघत होतात. रिव्ह्यूमध्ये त्यातलं काहीच नाही, याचं वाईट वाटलं.

माझा दवाखाना म्हणजे आम्ही दोन डॉक्टर आणि दोन मदतनीस. काल सकाळपासून दोघांनी अपॉइंटमेंट रद्द केल्या, दोघांनीही तुमचा रिव्ह्यू वाचला होता. तो काढा असं म्हणत नाही. फक्त बिस्किटाचं तेवढं लिहा.

बाहेरगावच्या लोकांसाठी बसायची आणि निरोपाची काहीतरी नीट व्यवस्था करतोय, लवकरच होईल.

चिकूला पुढच्या आठवड्यात एक्स-रेसाठी आणा, पैसे घेणार नाही. ऊन चढायच्या आत पोहोचा, गाडीत एसी चालू ठेवा, आणि गळ्यात पट्टा नको, हार्नेसच घाला.