एआयचा ‘सगळ्यात कडक कायदा’ आणि आमच्या ग्रुपवरचा मेसेज

दोन दिवस झाले, आमच्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या तीन-चार व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच मेसेज फिरायलाय. भारताने एआयसाठी जगातला सगळ्यात कडक कायदा केला, आता सरकारच्या परवानगीशिवाय एकही एआय चालणार नाही, सुरक्षित एआयसाठी दहा हजार कोटी काढलेत, तुमचा डेटा फुटला तर अडीचशे कोटी दंड, फेक व्हिडिओ तीन तासात गायब. खाली तिरंगा आणि ‘अभिमान असेल तर पुढे पाठवा’. अभिमान आहे ओ, पण एकेक मुद्दा बघू की जरा.

कायदा. नाही झालेला. ५ नोव्हेंबर २०२५ ला केंद्राच्या आयटी मंत्रालयाने काढल्या त्या गाइडलाइन्स. सात सूत्रं आहेत, पहिलंच विश्वासाचं, वाचायला चांगलीच आहेत, पण त्यातच म्हटलंय की सध्या वेगळा कायदा नको, आहेत त्याच कायद्यांवर भागवू. कायदा केलाय युरोपने, १ ऑगस्ट २०२४ पासून, आणि तोही टप्प्याटप्प्याने लागू होतोय. आपल्या सोलापुरी चादरीचंच बघा, जीआय आहे, म्हणजे त्या गावचाच माल म्हणून सरकारी शिक्का, तो तर रीतसर कायद्याने मिळालेला, तरी ‘सोलापुरी’ म्हणून बाहेरचा माल खपतोच ना? मग नुसत्या गाइडलाइनने कोण घाबरणारे.

परवानगीचं मात्र अगदीच हवेतून आलेलं नाही. १ मार्च २०२४ ला मंत्रालयाने खरंच कळवलं होतं की पुरेशी टेस्टिंग न झालेलं एआय लोकांसमोर आणायचं तर आधी सरकारची परवानगी घ्या. त्यावर स्टार्टअपवाल्यांनी लै आरडाओरडा केला आणि १५ मार्चला नवीन पत्रक काढून ती अट काढून टाकली. म्हणजे जी गोष्ट जेमतेम पंधरा दिवस टिकली ती अजून अभिमानाने फिरायलीय.

आता दहा हजार कोटी, इथे मला खरं बोलायचंय. केंद्राच्या इंडियाएआय मिशनला ७ मार्च २०२४ ला मंजुरी मिळाली, आकडा १०,३७१.९२ कोटी, पाच वर्षांसाठी, इथपर्यंत बरोबर. पण हे सगळे पैसे सुरक्षिततेचे नाहीत. सात भागात वाटलेत, त्यातला सगळ्यात मोठा वाटा, साडेचार हजार कोटींच्या वर, कॉम्प्युटिंगला, म्हणजे एआय चालवायला लागणाऱ्या त्या महागड्या चिप, जीपीयू. स्टार्टअपला वेगळे, ट्रेनिंगला वेगळे. आणि ‘सुरक्षित व विश्वासार्ह एआय’ या भागाला किती? २०.४६ कोटी. शंभर रुपयातले वीस पैसे. जीपीयू नकोत असं मी म्हणत नाही, माग घेतल्याशिवाय टॉवेल निघत नाही हे आम्हाला कोण सांगणार, पण माल चेक करणाऱ्या माणसाला वीस पैसे देऊन क्वालिटीच्या गप्पा मारू नयेत.

अडीचशे कोटी ही कमाल मर्यादा आहे, प्रत्येकाला ठोकायचा दंड नाही. हा दंड ज्यात आहे तो डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ चा, नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये, आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्याच्यानंतर अठरा महिन्यांनी लागू, म्हणजे २०२७ उजाडणार. दंड जमा होतो सरकारच्या तिजोरीत. ज्याचा डेटा फुटला त्याच्या हातात त्यातलं काही पडत नाही, उलट जुन्या आयटी कायद्यात भरपाईचं जे कलम होतं, ४३अ, तेच या कायद्याने काढायचं ठरवलंय. हे कुठल्या फॉरवर्डमध्ये दिसलं का तुम्हाला?

राहिले तीन तास. फेब्रुवारी २०२६ च्या नियमांनी एआयच्या व्हिडिओवर लेबल सक्तीचं केलं आणि काढून टाकायची मुदत ३६ तासांवरून ३ वर आणली, हे चांगलं काम झालंय, मान्य. पण ते तीन तास मोजायचे कोर्टाचा किंवा सरकारचा आदेश कंपनीला पोचल्यापासून, तुम्ही ‘रिपोर्ट’ दाबल्यापासून नाही. आमच्या कारखान्यातल्या जॉबरला मागे असाच एक व्हिडिओ आला, मोठा मंत्री गुंतवणुकीची स्कीम सांगतोय, ओठ आणि आवाज जुळत नव्हते, पण सेकंड शिफ्टला कळकट स्क्रीनवर कोण ओठ बघतंय. एकवीसशे भरून बसला. फोनवरून फोनवर आलेल्या त्या फाइलवर लेबल-बिबल काही नव्हतं. पैसे गेल्यावर लगेच १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करायचा असतो हे त्याला तिसऱ्या दिवशी माझ्याकडून कळलं. ज्या ग्रुपवर तो व्हिडिओ आला होता, त्याच ग्रुपवर आता हा तिरंग्याचा मेसेज आलाय.