एक्सलला वेल्डिंग केल्यावर पाणी मारू नका

ट्रॉलीचा एक्सल वेल्डिंगला वाकू नये म्हणून एक मेसेज व्हॉट्सअॅपवर जोरात फिरतोय: एक्सल करकचून आवळा, अँपिअर कमी ठेवून रॉड सावकाश चालवा, फिलेट (दोन भागांच्या कोपऱ्यात भरलेला वेल्ड) जाड भरा आणि रॉड उचलला की लगेच पाणी मारा. ऊस वाहतुकीच्या ट्रॉल्या हंगामाआधी दुरुस्तीला येतात, आणि नवी पोरं हे खरं धरून चाललीत.

सगळ्यात घातक पाणी. लोहार कोयत्याला पाणी देतो ते पातं कडक व्हावं म्हणून. एक्सलचा स्टब, म्हणजे चाक बसतं ते टोक, बऱ्याचदा ईएन ८ सारख्या पोलादाचा असतो, कार्बन साधारण 0.4 टक्के. वेल्डच्या कडेची पट्टी 800 अंशांच्या वर गेलेली असते. तिच्यावर पाणी पडलं की तीही कोयत्यासारखी कडक होते, पण ठिसूळ. आणि स्टबवर तर खड्ड्याखड्ड्याला दणके बसतात. माइल्ड स्टीलचा पोक काढताना गॅसने ठिपका तापवून पाणी मारतात हे खरं, पण ते काम वेगळं. स्टब उलट आधीच तापवायचा, जाडीप्रमाणे 150 ते 250 अंश, ७०१८ रॉड (कमी हायड्रोजनचा) भट्टीत सुकवून वापरायचा आणि जोड झाला की कोरड्या राखेत किंवा चुन्यात झाकून हळू निवू द्यायचा.

आवळणं निम्मं बरोबर आहे. पण तापलेला भाग फुगायला जागा न मिळाल्याने आतल्या आत दबतो आणि निवताना आखडतो. क्लॅम्प सोडला की राहिलेला ताण एक्सलला ओढतोच. त्यापेक्षा दोन एक्सल पाठीला पाठ लावून, मध्ये पट्टी घालून, थोडा उलटा बाक देऊन बांधा.

कमी अँपिअर म्हणजे कमी उष्णता, हा हिशोबच चुकीचा. 24 व्होल्ट, 160 अँपिअर आणि सेकंदाला 4 मिमी चाल धरली तर दर मिलिमीटरला 960 ज्यूल पडतात. 22 व्होल्ट, 110 अँपिअरवर 2 मिमीने रेंगाळलात तर 1210.

जाड फिलेटचं तसंच. 6 मिमीचा 9 केला की धातू सव्वादोन पट भरला जातो, आणि आखडणंही वाढतं.

गेल्या हंगामात एक ट्रॉली आली होती. स्प्रिंग ज्यावर बसते ते दोन्ही पॅड एक्सलच्या वरच्या अंगाला, एका दमात मारलेले. टायरची आतली कड हाताला गुळगुळीत लागत होती, बाहेरचे गट्टे मात्र शाबूत. टोकापासून टोकापर्यंत दोरी ताणली तर मधला भाग 4 मिमी खाली. वरची बाजू आखडली, टोकं उचलली, चाकं वरून आत झुकली.

पॅड असे बसवा: आधी चारही कोपऱ्यांना टॅक (छोटे टाके), मग डाव्या पॅडची पुढची कड, उजव्याची मागची, पुन्हा डाव्याची मागची. प्रत्येक बीड (वेल्डची ओळ) छोटा, मध्ये निवायला वेळ. हब चढवण्याआधी दोन्ही स्टबना डायल गेज लावून वाक बघा. तडा दोन दिवसांनीही उघडतो, त्यामुळे मालकाने कितीही घाई केली तरी 48 तासांनी पेनिट्रंट (तडा दाखवणारं रंगीत द्रव) लावून जोड बघितल्याशिवाय ट्रॉली सोडू नका.