खुलासा : ते दोन फोटो एकाच वनस्पतीचे नाहीत

एकाच झाडाचे म्हणून ‘फुलण्याआधी आणि फुलल्यावर’ अशा ओळीसह दोन फोटो सगळीकडे फिरताहेत; सोबत ‘तोडून पाण्यात ठेवा, फुलेल’ हा सल्लाही. ‘फुलल्यावर’च्या फोटोतली गुलाबी फुलांची गादी मॉस कॅम्पियनची. पाच पाकळ्या, बिया, खोल गेलेलं सोटमूळ. आल्प्सपासून आर्क्टिकपर्यंत आढळणारी सपुष्प वनस्पती.

‘फुलण्याआधी’चा फोटो रॉक नोम लायकेनचा, आणि हे झाड नव्हेच! बुरशी आणि शैवाल यांचा हा एकत्र संसार. निळसर करड्या चिंचोळ्या पट्ट्या, टोकांना काळे ठिपके. फोटोसोबत ज्यांना ‘कळ्या’ म्हटलंय, ते हेच ठिपके. त्यांत बुरशीचे बीजाणू तयार होतात. मूळ नाही, त्यामुळे धुक्यातला आणि खडकावर झिरपणारा ओलावाच शोषायचा. अमेरिकेच्या दक्षिण ॲपलाचियन डोंगरांतलं हे लायकेन १९९५ पासून तिथल्या संकटग्रस्त यादीत आहे. तेव्हा ‘तोडून पाण्यात ठेवा, फुलेल’ हा सल्ला कृपया पुढे पाठवू नका.