प्रेमात पडलेला रोबो मराठीत काय बोलेल?

गेल्या महिन्यात नाशिकच्या इंदिरानगरमध्ये राहणाऱ्या एका तरुण लेखिकेने मला तिच्या नव्या एकांकिकेची संहिता वाचायला दिली. अंबडच्या औद्योगिक वसाहतीतला वेल्डिंगचा एक रोबो तिथल्या ऑपरेटर मुलीच्या प्रेमात पडतो आणि त्यातून कारखान्यात जो गोंधळ उडतो, त्याचे हे विनोदी विज्ञाननाट्य आहे. मी २२ वर्षे अंबडमध्ये देखभाल विभागात काढली, त्यातली शेवटची काही वर्षे रोबोंच्या वेल्डिंग सेलवर, म्हणजे रोबो वेल्डिंग करतात त्या जाळीबंद जागेत, आणि जवळजवळ तितक्याच वर्षांच्या संध्याकाळी हौशी नाटकांचे नेपथ्य लावण्यात गेल्या, त्यामुळे दोन्ही बाजू ठाऊक असलेला वाचक म्हणून ती माझ्याकडे आली. मी तिला सविस्तर पत्र लिहिले. यंत्रमानवावर विनोदी लिहू पाहणाऱ्या कोणालाही त्यातले काही उपयोगी पडेल असे वाटल्यामुळे तेच म्हणणे इथे मांडतो आहे.

पहिल्या खर्ड्यात रोबो अडखळत चालत होता, एकेक अक्षर तोडून बोलत होता आणि प्रेमाची कबुली देताना त्याच्या छातीतला दिवा लाल होऊन तो 'एरर, एरर' असे ओरडत होता. हे सगळे आपण बालनाट्यापासून पाहत आलो आहोत आणि प्रेक्षक त्याला हसतातही. पण तो हशा यंत्राच्या बिघाडाला मिळतो, प्रेमाशी त्याचा काही संबंध राहत नाही, कारण बिघाड कशानेही होऊ शकतो. पावसाचे पाणी आत गेले असते तरी तो रोबो असाच अडखळला असता. प्रेमात पडल्यामुळे जे घडते, आणि रोबोच्याच बाबतीत जे घडू शकते, त्यातून हशा निघाला पाहिजे असे माझे ठाम मत आहे. त्यासाठी खरा रोबो कसा असतो हे आधी पाहावे लागते.

खरा रोबो अडखळत नाही. सहा सांध्यांचा तो हात पहिल्यांदा चालताना पाहिला, तेव्हा मला त्याच्या ताकदीपेक्षा त्याच्या अखंड, संथ वळणाचे नवल वाटले होते. वेल्डिंगची टॉर्च घेऊन तो जॉबकडे, म्हणजे जोडायच्या भागाकडे, जातो, मनगट फिरवतो, शिलाई घालावी तसा सांधा जोडत जातो आणि मागे येऊन आपल्या होम पोझिशनला, म्हणजे ठरलेल्या मूळ जागी, उभा राहतो. पाळीभर शेकडो वेळा हेच करूनही त्याचे टोक मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपासच काय ते इकडेतिकडे होते. त्याच्या आजूबाजूला मात्र जॉबची ट्रॉली वेळेवर आलेली नसते, जॉब धरून ठेवणाऱ्या फिक्स्चरचा क्लॅम्प अडकलेला असतो, सुपरवायझर फोनवर बोलत धावत असतो आणि जेवणाची सुट्टी व्हायला पाच मिनिटे उरलेली असतात. अडखळतो तो माणूस. विनोदी नाटकाला लागणारी विसंगती इथे आयती उभी आहे: एकच पात्र शांत, काटेकोर आणि वचनाला पक्के, आणि बाकीच्या सगळ्यांची धांदल. असे पात्र प्रेमात पडले की ते प्रेमही तितक्याच काटेकोरपणे करील, आणि इतक्या काटेकोर प्रेमाची सवय कोणालाच नसल्यामुळे खरी तारांबळ उडेल.

शिवाय हा रोबो पावले टाकत नाही. तो जमिनीला बोल्टने आवळलेला असतो. तिने त्याला पाय दिले होते, ते काढून टाकावेत असे मी सुचवले, कारण जागचा हलू न शकणारा प्रियकर रंगमंचावर मध्यभागी ठेवला की बाकी सगळ्यांना त्याच्याकडे यावे लागते.

रोबो आणि प्रेम यांचे नाते मुळापासूनचे आहे. हा शब्द जगाला ज्या नाटकाने दिला ते कारेल चापेक यांचे 'आर. यू. आर.' हे चेक नाटक १९२० साली प्रसिद्ध झाले आणि १९२१ साली प्रागमध्ये रंगभूमीवर आले. शब्द सुचवला त्यांचे चित्रकार बंधू योसेफ यांनी, आणि ज्या 'रोबोता' या चेक शब्दावरून तो घडला त्याचा अर्थ सक्तीचे काम, म्हणजे आपल्या भाषेत वेठ. चापेक यांचे रोबो पत्र्याचे नव्हते, ते कारखान्यात तयार केलेले, हाडामांसाच्या माणसांसारखेच दिसणारे मजूर होते. त्या गंभीर आणि काळोख्या नाटकाच्या शेवटी दोन रोबो एकमेकांच्या प्रेमात पडलेले दिसतात आणि दुसऱ्याचा जीव वाचावा म्हणून प्रत्येक जण स्वतःला पुढे करतो. आपण 'यंत्रमानव' हा शब्द घडवला तेव्हा यंत्र आले, मानव आला, पण वेठ गळाली. विनोदी लेखकाने ती परत आणावी असे मला मनापासून वाटते. वेठबिगाराने प्रेमासाठी रजा मागणे यात केवढे नाट्य आहे! अर्ज कोणत्या नमुन्यात करायचा, हजेरीपटावर नाव नसलेल्याची रजा कोणी मंजूर करायची, बोल्टने आवळलेला अर्जदार रजेच्या दिवशी तिथेच उभा राहिला तर त्याला गैरहजर कसे दाखवायचे, हे प्रश्न मनुष्यबळ विभाग अत्यंत गंभीरपणे चर्चेला घेईल, आणि तो जितका गंभीर होईल तितके प्रेक्षागृह हसेल.

माणसाच्या बाजूने यंत्रावरची माया आपल्याकडे आधीपासून आहे. खंडेनवमीला सातपूर-अंबडच्या कारखान्यांत मशीन पुसून, कुंकू लावून, झेंडूची माळ घालून पूजा केली जाते. आमच्या सेलमध्ये रोबोलाही माळ असायची. ती घालण्यापूर्वी त्याचा वीजपुरवठा तोडून स्विचला कुलूप लावायचे आणि पुन्हा सुरू करण्याआधी सांध्यांजवळ अडकलेल्या पाकळ्या चिमट्याने काढायच्या, हे काम माझ्याकडे होते. आमचे एक ज्येष्ठ ऑपरेटर सटाण्याकडचे होते. यंत्र अडून बसले की ते त्याच्याशी अहिराणीत बोलत, आणि आम्ही कोणी त्यांना हसत नसू. ही जवळीक संहितेत नव्हती, म्हणून रोबोचे प्रेम कळल्यावर नायिका किंचाळते हे मला पटले नाही. जिने वर्षभर रोज सकाळी सर्वांत आधी त्याच्याकडे पाहून दिवस सुरू केला, तिला घाबरण्याच्या आधी क्षणभर तरी बरे वाटेल.

एक प्रसंग मी तिला पूर्ण रचून दिला. रोबोला नवी हालचाल शिकवताना ऑपरेटर टीच पेंडंट हे नियंत्रणाचे उपकरण हातात घेऊन सुरक्षेच्या जाळीच्या आत जातो. पेंडंटच्या मागच्या बाजूला एक स्विच असतो. तो अर्धवट दाबून धरला तरच रोबो हलतो. सोडला तर थांबतो, आणि घट्ट आवळला तरीही थांबतो, कारण घाबरलेला माणूस हात सोडून देईल की मूठ आवळेल हे आधी सांगता येत नाही आणि दोन्ही शक्यता धरून तो स्विच बनवलेला आहे. शिकवण्याच्या या अवस्थेत रोबोचा वेगही सेकंदाला २५० मिलिमीटरच्या पुढे जाऊ दिला जात नाही. आता कबुली याच वेळी होते असे समजा. आवाजही त्याच स्विचवर चालतो, एवढी एकच कल्पित गोष्ट प्रेक्षकांनी मान्य करायची आहे. रोबो वाक्य सुरू करतो, मुलगी लाजून स्विच सोडते आणि वाक्य मध्येच तुटते. पुढचे ऐकायचे आहे म्हणून ती पुन्हा दाबते, तो थांबलेल्या अक्षरापासून पुढे बोलू लागतो, आणि महत्त्वाचा शब्द ओठांवर येतो तोच तिची मूठ आवळली जाते. जाळीच्या बाहेर सुपरवायझर घड्याळ पाहत सायकल टाइम, म्हणजे एका जॉबला लागणारा वेळ, वाढल्याची नोंद करतो आहे. इथे काहीच बिघडलेले नाही. सुरक्षेचा नियम तंतोतंत पाळला जातो आहे आणि तो पाळल्यामुळेच एक छोटे वाक्य पुरे व्हायला पाच मिनिटे लागत आहेत.

ते वाक्य कोणते असावे, यावर मात्र मी सर्वांत जास्त विचार केला. पहिल्या खर्ड्यातल्या रोबोची भाषा परभाषेतल्या चित्रपटातून उचलल्यासारखी वाटत होती. मराठी बोलणाऱ्या रोबोपुढे पहिली अडचण येते ती लिंगाची. आपल्याकडे नपुंसकलिंग आहे, त्यामुळे त्याच्याविषयी बोलताना लोक 'ते यंत्र बंद पडलं' असे सहज म्हणतात. पण त्याने स्वतःविषयी सांगायला तोंड उघडले की 'मी आलं' असे मराठीत होत नाही. 'आलो' किंवा 'आले' यांतले एक निवडावे लागते, आणि ज्याला खोटे बोलता येत नाही तो कशाच्या आधारावर निवडणार? (कोल्हापूरकडच्या स्त्रियाही 'मी आलो' म्हणतात, त्यामुळे तिकडे प्रयोग केला तर हा भाग वेगळा लिहावा लागेल.)

याहून विलक्षण गोष्ट अशी की, कामाविषयी बोलताना ही अडचण येतच नाही. 'मी जॉब पूर्ण केला', 'मी वेल्डिंग केलं', 'मी मोजमाप पाहिलं' या वाक्यांत क्रियापद कर्माप्रमाणे चालते, कर्त्याचे लिंग कुठेही उघडे पडत नाही, आणि वेठ करणारा रोबो झालेल्या कामाचा हिशोब वर्षानुवर्षे शुद्ध मराठीत देऊ शकतो. 'मी थांबलो', 'मी हसलो', 'मी घाबरलो', 'मी रमलो' म्हणायची वेळ आली की तो अडतो. काम सांगू देणारी भाषा मन सांगायला लागताच त्याला विचारते, तू कोण? मग तो भविष्यकाळाचा आधार घेतो, कारण 'मी थांबेन', 'मी वाट पाहीन', 'मी इथेच असेन' यांत लिंग कळत नाही. त्यामुळे त्याचे मनातले प्रत्येक वाक्य आश्वासन होऊन बाहेर पडते. नायिकेने आजवर आश्वासने देणारी माणसे पुष्कळ पाहिलेली आहेत, म्हणून ती त्याच्यावर विश्वास ठेवत नाही, आणि हा बिचारा प्रत्येक शब्द सेकंदाच्या हिशोबाने पाळतो. 'मी इथेच असेन' हे वाक्य जमिनीला आवळलेल्या प्रियकराच्या तोंडी आले की प्रेक्षक हसतील, आणि हसता हसता त्यांच्या लक्षात येईल की इतके खरे वाक्य त्यांना कधी कोणी म्हटलेले नाही.

कबुलीसाठीही मराठीने सोय करून ठेवलेली आहे. 'मी प्रेम करतो' म्हणताना लिंग सांगावे लागते, 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' म्हणताना लागत नाही, आणि प्रेम हा शब्द स्वतःच यंत्र या शब्दासारखा नपुंसकलिंगी आहे. स्विच सोडल्यावर आणि आवळल्यावर तुटत जाणारे वाक्य हेच असावे असे मी लिहिले. त्यात आणखी एक पायरी तिने स्वतः घातली: सुरुवातीला तो तिला नियमाप्रमाणे 'मॅडम' आणि 'तुम्ही' म्हणतो, आणि 'तुमच्यावर'चे 'तुझ्यावर' करण्याची परवानगी तो आधी लेखी मागतो.

अशा गोष्टी पुढे मारधाडीकडे वळतात याचे मला वाईट वाटते. २०१० सालच्या शंकर दिग्दर्शित 'एंदिरन' या तमिळ चित्रपटात रजनीकांत यांनी रंगवलेल्या चिट्टी या रोबोचे भाबडे प्रेम मला फार आवडले होते, पण नकार मिळाल्यानंतर कथा त्याला खलनायक करते, आणि नकार पचवणारा रोबो पाहायचा राहून जातो. त्याउलट २००८ सालच्या 'वॉल-ई' या अ‍ॅनिमेशनपटात कचरा दाबून ठोकळे रचणारे यंत्र कितीतरी वेळ जवळजवळ न बोलता आपल्याला हसवते, ते आपले काम आणि आपली माया दोन्ही सारख्याच निष्ठेने करते म्हणून.

तिच्या मूळ शेवटात रोबो माणूस होत होता. यंत्राचे यंत्र राहूनच प्रेम करणे प्रेक्षक मानतील का, अशी तिला भीती होती. मी तिला आठवण करून दिली की हे कुसुमाग्रजांचे नाशिक आहे. त्यांच्या कवितेतली पृथ्वी सूर्यावर प्रेम करते, आणि पृथ्वीला हृदय कुठे असते असे आजवर कोणी विचारलेले नाही. डिसेंबर २०२१ मध्ये याच शहरात झालेल्या ९४ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद जयंत नारळीकरांकडे, म्हणजे एका विज्ञानकथाकाराकडे होते. आणि प्रेक्षक स्वतःहून किती पुढे येतात याचे उदाहरण तर संगणकाच्या इतिहासातच आहे: १९६६ साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत जोसेफ वायझेनबाउम यांनी 'एलायझा' नावाचा संवाद करणारा प्रोग्रॅम प्रसिद्ध केला. समोरच्याचे वाक्य फिरवून त्यालाच प्रश्न विचारणे यापलीकडे तो फारसे काही करत नव्हता, तरी त्यांच्याच सचिव बाई त्याच्याशी बोलू लागल्यावर त्यांनी वायझेनबाउम यांना खोलीबाहेर जायला सांगितले. माणसाला एवढे पुरते, तर आपला रोबो शेवटपर्यंत लोखंडाचाच राहू द्यायला काय हरकत आहे?

सुधारित संहिता परवा आली. रोबो आता होम पोझिशनलाच उभा असतो, नायिकेची दुसऱ्या सेलवर बदली झालेली आहे, आणि शेवटच्या प्रसंगात तो पहिल्यांदाच स्वतःविषयी भूतकाळात बोलतो. 'मी थांबलो' की 'मी थांबले', ती जागा लेखिकेने कोरी ठेवली आहे आणि तालमीत ठरवू असे कळवले आहे. मी नाटकाच्या मंडळींना पेंडंटची लाकडी प्रतिकृती करून दिली आहे. मागच्या स्विचला खरी स्प्रिंग बसवली आहे, त्यामुळे अर्धवट दाबल्यावर तो जिथे टेकतो ती जागा बोटाला कळते. नायिकेची भूमिका करणारी मुलगी ती घरी घेऊन गेली आहे आणि रोज संध्याकाळी वाक्य म्हणत म्हणत तेवढाच दाब धरून ठेवण्याचा सराव करते आहे.