फाटक ‘उगाच’ बंद नसते

नागपुरातील व्हॉट्सॲप गटांमध्ये सध्या एक संदेश फिरतो आहे. त्याचे म्हणणे असे की, गेटमन स्वतःच्या सोयीसाठी दहा मिनिटे आधीच रेल्वेचे फाटक पाडतो. गाडी दिसत नसेल तर दुचाकी दांड्याखालून काढायला हरकत नाही, कारण रुळावर कोणी दिसले की लोको पायलट, म्हणजे रेल्वेचालक, ब्रेक लावतोच. वाहन अडकले तर चार जणांनी ढकलावे. आणि उड्डाणपूल होईपर्यंत हा त्रास लोकांनी सोसण्याचे कारण नाही. संदेशातील वैताग खरा आहे, त्यातून काढलेले निष्कर्ष मात्र जिवावर बेतणारे आहेत.

गेटमनची ‘सोय’ आधी पाहू. इंटरलॉक केलेल्या, म्हणजे सिग्नलशी जोडलेल्या फाटकावर दांडे पूर्ण पडून कुलूपबंद झाल्याखेरीज गाडीला सिग्नल मिळतच नाही, आणि एकदा सिग्नल दिल्यावर गेटमनच्या मनात आले म्हणून फाटक उघडत नाही. गाडीने वेग न मोडता यावे यासाठी ती बरीच दूर असतानाच सिग्नल द्यावा लागतो, म्हणून फाटकही तितकेच आधी पडते. त्यातच नागपूर म्हणजे हावडा-मुंबई आणि दिल्ली-चेन्नई या मार्गांचा चौक. एक्सप्रेस गेली की पाठोपाठ मालगाडी असतेच, आणि मधल्या वेळात फाटक उघडून पुन्हा पाडणे दर वेळी जमत नाही. एखाद्या वाहनाच्या धडकेने दांडा वाकला तर सिग्नल लालच राहतो, गाडी खोळंबते आणि वाहनांची रांग आणखी वाढते.

ब्रेकचा मुद्दा सर्वांत घातक आहे. ताशी ११० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला सुमारे ३० मीटर अंतर कापते. रुळावर अडथळा असल्यास रेल्वेच्या नियमानुसार ब्रॉडगेज मार्गावर ६०० मीटरवर एक आणि १,२०० मीटरवर तीन फटाके, म्हणजे चाकाखाली फुटून चालकाला सावध करणारे डेटोनेटर, लावायचे असतात. इशारा इतक्या दुरून द्यावा लागतो, याचाच अर्थ समोर माणूस दिसल्यावर दाबलेला ब्रेक त्याच्या उपयोगाचा नाही. शिवाय लांबून येणारी मोठी वस्तू डोळ्याला संथ भासते.

उत्तर नागपुरातील एका फाटकावर पायाशी गॅस सिलिंडर ठेवलेली स्कूटर तिरपी करून एक गृहस्थ दांड्याखालून शिरत असताना मी पाहिले. आरसा दांड्यात अडकला आणि तो सोडवताना त्यांची नजर आरशावरच खिळली होती, रुळाकडे नव्हती. जवळच्या रुळावरून मालगाडी नुकतीच गेली होती. पलीकडच्या रुळावरून काय येत आहे, हे तिच्या शेवटच्या डब्यांमुळे आम्हा कोणालाच दिसत नव्हते. कायद्याचे म्हणाल तर रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १६० नुसार वाहतुकीसाठी बंद केलेले फाटक उघडल्यास ३ वर्षांपर्यंत आणि तोडल्यास ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

पुलाच्या मागणीशी मी पूर्ण सहमत आहे. ३ फेब्रुवारी २००५ रोजी नागपूरनजीकच्या कन्हानजवळ गेटमन नसलेल्या फाटकावर वऱ्हाडी मंडळींच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीला रेल्वेची धडक बसून ५० हून अधिक जण दगावले. २०१२ मध्ये रेल्वे सुरक्षेसाठी नेमलेल्या अनिल काकोडकर समितीने सर्व फाटके काढून टाकण्याची शिफारस केली आणि जानेवारी २०१९ पर्यंत ब्रॉडगेजवरील गेटमन नसलेली फाटके संपली. तरीही जुलै २०२५ मध्ये तमिळनाडूतील कडलूर जिल्ह्यात गेटमन असलेल्या, पण इंटरलॉक नसलेल्या फाटकावर शाळेच्या व्हॅनला गाडीने उडवले. अशा फाटकावर सारा भरवसा फोन आणि माणसाच्या दक्षतेवर असतो. तेव्हा रेल्वेला धारेवर धरायचे असेल, तर ‘आमचे फाटक इंटरलॉक आहे का?’ हे आधी विचारावे. पूल मंजूर होऊन उभा राहीपर्यंत वर्षे जातात, आणि भुयारी मार्ग मिळाला तरी पावसाळ्यात त्यात पाणी तुंबते.

राहिले ढकलण्याचे. वाहन रुळावर बंद पडले तर एक-दोनदा चालू करून पाहण्यातही वेळ घालवू नये. आतील सर्वांना उतरवून रुळापासून दूर न्यावे आणि त्याच वेळी एकाने गेटमनच्या खोलीकडे धाव घ्यावी. स्टेशनला कळवणे, सिग्नल पुन्हा लाल करणे, लाल झेंडी आणि फटाके घेऊन गाडीच्या दिशेने धावणे, हे सारे त्याच्या हाती असते. गाडीने सिग्नल आधीच ओलांडला असेल, तर वाहन तिथेच सोडून द्यावे.