क्लच खराबच होता, पण सील राहून गेलं ती चूक आमची

नमस्कार मॅडम,

तुमचा अभिप्राय शनिवारी रात्री गॅरेज बंद करताना वाचला. रविवारी तुमच्या गाडीचं जॉबकार्ड, स्कॅनरच्या प्रिंट आणि काढून ठेवलेले जुने पार्ट टेबलावर मांडून पुन्हा सगळं तपासलं, म्हणून उत्तराला दोन दिवस लागले. तुमचं म्हणणं असं आहे: क्लचच्या कामाचं कोटेशन १,१८,००० रुपयांचं होतं आणि बिल १,७०,००० झालं, चार दिवस सांगून गाडी अकरा दिवसांनी दिली, तीन आठवड्यांत तीच थरथर परत सुरू झाली, आणि दुसऱ्या गॅरेजवाल्यांनी सांगितलं की क्लच बदलायची गरजच नव्हती, फक्त ऑइल सील गळतंय.

सील गळतंय हे बरोबर आहे आणि ती चूक आमची आहे.

हे सील इंजिनच्या मागच्या बाजूला असतं, क्रँकशाफ्ट (इंजिनची मुख्य फिरती दांडी) जिथे फ्लायव्हीलला, म्हणजे तिच्या टोकाच्या जड चाकाला, जोडलेला असतो तिथे. गिअरबॉक्स उतरवला त्या दिवशी तिथे ओल दिसत होती. आमच्या मेकॅनिकने फोटो काढला, जागा पुसली आणि कार्डावर ‘जुना डाग’ असं लिहिलं. तो फोटो मी स्वतः पाहिला आणि त्याखाली सही केली. क्लचच्या किमतीपुढे या सीलची किंमत काहीच नाही, पण त्याच्यापर्यंत पोचायचं तर अख्खा गिअरबॉक्स खाली घ्यावा लागतो. तो खाली होताच. त्याच वेळी सील बदलायलाच हवं होतं, ओल असो वा नसो. नवा क्लच बसला, तेल पाझरत राहिलं आणि प्लेटवर गेलं. तुमच्या गाडीचा क्लच कोरडा आहे, म्हणजे तेलात बुडालेला नसतो. कोरड्या प्लेटवर थोडं तेल आलं तरी ती एकसारखी पकडत नाही, पकडते-सुटते-पकडते. गाडी थरथरते ती त्यामुळे.

पण पहिल्यांदा गाडी आली तेव्हाचा क्लच चांगला होता, हे मात्र मी मान्य करणार नाही. ‘तुम्हाला उगाच लुटलं’ असं तुम्हाला वाटत राहावं हे मला सहन होत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

बरेच जण विचारतात, ऑटोमॅटिक गाडीला क्लच कुठला? तुमच्या गाडीला एक सोडून दोन आहेत. एक क्लच १, ३, ५, ७ हे गिअर सांभाळतो, दुसरा २, ४, ६ आणि रिव्हर्स. पायाने दाबायचं पेडल नाही, ते काम गिअरबॉक्समधलं मेकॅट्रॉनिक युनिट (कॉम्प्युटर आणि हायड्रॉलिक्स एकत्र) करतं. अशा ड्युअल क्लच (दोन क्लचच्या) गिअरबॉक्सची पहिली मोठ्या उत्पादनातली गाडी फोक्सवॅगनने २००३ मध्ये आणली, तिचे क्लच तेलात बुडालेले होते. तेलातल्या क्लचची उष्णता तेल घेऊन जातं. कोरड्या क्लचला ती सोय नसते, तो हलका असतो आणि गाडीचं मायलेज सुधारतो, पण वाकड-हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये गाडी फूटभर सरकते, थांबते, पुन्हा सरकते, तेव्हा प्लेट दर वेळी थोडी घासते आणि तापते.

तुम्ही पहिल्या दिवशी सांगितलं होतं की सोसायटीच्या बेसमेंटच्या चढावर रिव्हर्स घेताना गाडी सगळ्यात जास्त हादरते. मला तिथेच संशय आला, कारण रिव्हर्स दुसऱ्या क्लचवर असतो. चांदणी चौकाच्या चढावर ट्रायल घेतली तेव्हा पहिल्यावरून दुसऱ्यावर जातानाही तोच झटका आला. एकदा क्लच पूर्ण पकडला की गाडी लोण्यासारखी पळायची. इंजिनात मिसफायर असता तर न्यूट्रलमध्ये उभ्या गाडीतही थरथर जाणवली असती. इंजिनचं माउंटिंग (रबरी आधार) गेलं असतं तर डी-वरून आर-वर टाकताना धप्प असा आवाज आला असता. मेकॅट्रॉनिक बिघडलं असतं तर गिअर पडलाच नसता किंवा डॅशबोर्डवर गिअरचा आकडा लुकलुकला असता. हे तिन्ही तपासून मगच स्कॅनर लावला. दुसऱ्या क्लचचे आकडे मर्यादेच्या टोकाला गेले होते.

तुमची जुनी प्लेट माझ्यासमोर आहे. लायनिंग झिजून पातळ झालंय, प्रेशर प्लेटवर निळे चट्टे आहेत. हे निळे चट्टे तापल्याचे असतात. तेलाने खराब झालेल्या प्लेटवर काळी, तुकतुकीत झिलई येते. ती या जुन्या प्लेटवर नाही, तुमच्या गाडीत आत्ता बसलेल्या प्लेटवर सापडेल. म्हणजे दुसऱ्या गॅरेजचं आजचं निदान योग्य आहे, पण ७१,००० किलोमीटरला गाडी आमच्याकडे आली तेव्हाचा आजार वेगळा होता.

जास्तीचे ५२,००० रुपये फ्लायव्हीलचे. ड्युअल मास फ्लायव्हीलच्या आत स्प्रिंगा असतात, हाताने फिरवून बघितलं की त्यातला खेळ कळतो. तुमच्या गाडीत तो मर्यादेबाहेर होता. फोन केला तेव्हा तुम्ही मीटिंगमध्ये होतात, ‘करून टाका’ म्हणालात. आम्ही त्यावर काम सुरू केलं. एवढ्या रकमेसाठी फोटो आणि लेखी होकार घ्यायलाच हवा होता. ते झालं नाही, हा दोष माझा. तरीही फ्लायव्हील खराब होतं, म्हणून ते पैसे परत करत नाही. जुनं फ्लायव्हील मी जपून ठेवलंय. तुमच्या विश्वासातल्या कुणालाही दाखवा. चांगलं निघालं तर ५२,००० पूर्ण परत.

अकरा दिवस लागले कारण पहिलं किट चुकीचं आलं. ते तुम्हाला त्याच दिवशी कळवायला हवं होतं, आमच्याकडून फोन गेला नाही.

आता काय करणार ते सांगतो. गाडी चालवत आणू नका, तेल लागलेला क्लच घासत राहिला तर नव्या फ्लायव्हीललाही त्रास. मी फ्लॅटबेड पाठवतो. नवं सील, नवं क्लच किट, दोन्हीचं लेबर, सगळं आमच्या खर्चाने. क्लच बसवताना गेजने क्लिअरन्स मोजून योग्य जाडीचे शिम (पातळ चकत्या) टाकावे लागतात, ते माप या वेळी तुमच्यासमोर घेऊ. त्यानंतर स्कॅनरने बेसिक सेटिंग आणि मग गिअरबॉक्सला नवे क्लच ‘शिकवण्याची’ ट्रायल. ही ट्रायल थंड गाडीवर, गरम गाडीवर, चढावर आणि रिव्हर्समध्ये, अशी चारही प्रकारे घेऊ. शेजारच्या सीटवर तुम्ही बसा. थरथर जाणवली तर गाडी परत लिफ्टवर.

एक विनंती, आणि यात तुमच्यावर दोष टाकायचा नाही, कारण शोरूममध्ये हे कुणी समजावून सांगत नाही. चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवू नका, ब्रेक किंवा ऑटो होल्ड वापरा. ट्रॅफिकमध्ये पुढच्या गाडीला थोडं जाऊ द्या आणि मग एकदाच सरका. जळका वास आला किंवा तापमानाची सूचना आली तर बाजूला थांबून गाडी गार होऊ द्या.

इथे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी: तेलातल्या ड्युअल क्लचवाल्या गाडीचं गिअर ऑइल बहुतेक मॉडेलमध्ये साधारण ६०,००० किलोमीटरला बदलायचं असतं, मॅन्युअल बघून घ्या. आणि टॉर्क कन्व्हर्टरवाल्या, म्हणजे इंजिनची ताकद तेलामार्फत गिअरबॉक्सला देणाऱ्या ऑटोमॅटिक गाडीत थरथर असेल तर कारणं निराळी, तिथे हे क्लच किट नसतंच.

मॅडम, फ्लॅटबेड मंगळवारी सकाळी साडेनऊला तुमच्या पार्किंगपाशी येईल. वेळ सोयीची नसेल तर बिलावर माझा स्वतःचा नंबर आहे, त्यावर सांगा, फोन मीच उचलेन.